धागा : मराठवाड्यात भूकंप खरंच वाढलेत का? यादी, पूर्णता आणि बी-मूल्य

बालाघाट

हिंगोली-वसमतकडं धक्का बसला की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर तोच आलेख फिरायला लागतो. १९९० पासूनचे धक्के, दर दशकाला उंच होत जाणारे खांब आणि खाली लाल अक्षरांत ‘मराठवाडा धोक्यात’. खांबांतले आकडे बहुतेकदा बरोबर असतात, चूक वाचण्यात असते. किल्लारीआधी आपल्याकडचा धक्का पुणे, हैदराबादसारख्या लांबच्या वेधशाळांवरून पकडावा लागायचा. तिथपर्यंत पोचणार ते दणकट धक्केच. १९९३ नंतर यंत्रं जवळ आली, पुढं डिजिटल झाली, आणि आज परिमाण २ च्या आतबाहेरचे धक्केही यादीत दिसतात. म्हणजे १९८५ आणि २०२४ हे एकाच चाळणीतून आलेले आकडे नाहीत.

ज्यांना स्वतः हिशोब करायचा आहे त्यांच्यासाठी कामाचा क्रम देतो.

क्षेत्र जिल्ह्यांच्या नावांनी निवडू नका, अक्षांश-रेखांशांनी निवडा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीत ठिकाण ‘अमुक गावापासून इतके किलोमीटर’ असं असतं, त्यामुळं एकाच पट्ट्यातले धक्के कधी हिंगोली, कधी नांदेड, कधी परभणी, कधी वसमत म्हणून येतात. त्यात उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालंय, म्हणजे नावावर गाळणी लावली की निम्मा इतिहास गळतो. ढोबळ चौकट १७.५ ते २०.७ उत्तर आणि ७४.५ ते ७८.३ पूर्व. या चौकटीत सोलापूर, बुलढाणा आणि तेलंगणाचा तुकडाही येतो, तो येऊ द्या. भेगेला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

‘अख्खा महाराष्ट्र’ मात्र घेऊ नका. कोयना-वारणा पट्ट्यातले धक्के इतके आहेत की सरासरी त्यांचीच निघते. पालघर-डहाणूची २०१८ पासूनची मालिका त्यात मिसळली तर तुमच्या आकड्यात मराठवाडा चिमूटभर उरेल.

यादी एकाच ठिकाणाहून घेऊ नका. राष्ट्रीय केंद्र, आंतरराष्ट्रीय भूकंप केंद्राचं बुलेटिन आणि अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण, तिन्ही उतरवून एकत्र करा. खरी मारामार तिथं आहे.

अजगरवाला

एकत्र करण्याबद्दल माझं. सगळ्यात आधी वेळ. आंतरराष्ट्रीय याद्या जागतिक वेळेत असतात, आपल्याकडच्या बहुधा भारतीय वेळेत. साडेपाच तास वजा करायचे राहिले की किल्लारी दोनदा मोजली जाते, एकदा २९ सप्टेंबर १९९३ ला २२:२५ वाजता आणि एकदा ३० सप्टेंबरला पहाटे ३:५५ ला. फाईल उघडली की हीच ओळ शोधा. दोनदा दिसली तर बाकीची यादी बघायचीसुद्धा गरज नाही, मागं जा.

दुबार नोंदी काढायला वेळेतला फरक ६० सेकंदांच्या आत आणि अंतर ५० किलोमीटरच्या आत, हा नियम पुरतो. जुन्या नोंदींत केंद्रबिंदूच ३०-४० किलोमीटर इकडंतिकडं असतो, म्हणून अंतर सैल ठेवायचं. आता धोका असा की धक्क्यांची माळ चालू असताना एका मिनिटात दोन खरे धक्के येऊ शकतात. म्हणून दोन्ही नोंदी वेगवेगळ्या यादीतल्या असतील तरच दुबार धरा. एकाच यादीतल्या दोन ओळींना हात लावू नका.

काम पायथन आणि पांडासमध्ये होतं, नकाशा क्यूजीआयएसमध्ये. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्कही चालेल, काही हजार ओळींना त्याला काही होत नाही. फक्त तारखेचा रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून आयात करा. नाहीतर ०३/०९ चा ९ मार्च होतो आणि महिनावार आलेखात भलतंच शिखर उभं राहतं.

लोलक

परिमाणाबद्दल कुणी बोललं नाही अजून. यादीत एका रकान्यात ४.५ आणि ४.५ दिसतात, पण एक स्थानिक परिमाण असतं, दुसरं देहतरंगांवरून काढलेलं एमबी, तिसरं मोमेंट परिमाण, म्हणजे भेग किती सरकली त्यावरून काढलेलं. बेरजेआधी सगळी एका मापात आणायची. स्कॉर्डिलिसचं २००६ चं जागतिक समीकरण सर्रास वापरतात : मोमेंट = ०.८५ × एमबी + १.०३, आणि ते एमबी ३.५ ते ६.२ एवढ्यापुरतंच. एमबी ५.० असेल तर ५.२८ येतं. ३.५ च्या खाली हे ताणू नका. तिथं स्थानिक परिमाण आहे तसं ठेवा आणि वेगळ्या रकान्यात मापाचा प्रकार लिहून ठेवा.

आता पूर्णता. कोणत्या परिमाणाच्या वरचे सगळे धक्के यादीत आलेत असं मानता येतं, ते एमसी. सोपी रीत अशी : ०.१ च्या टप्प्यांनी मोजणी करा, सगळ्यात उंच खांब जिथं येईल ते परिमाण घ्या आणि त्यात ०.२ मिळवा. हे ०.२ लोक विसरतात. शिखराशेजारचे धक्के अर्धेमुर्धेच पकडले गेलेले असतात, म्हणून ही दुरुस्ती लागते.

आणि हे अख्ख्या काळासाठी एकदाच काढायचं नाही. निदान १९९३ पूर्व, १९९३ ते २०००च्या आसपास, आणि त्यानंतर असे तुकडे करा. किल्लारीनंतर काही महिने तात्पुरती यंत्रं लावली होती, त्या काळात बारीकसारीक धक्केही नोंदले गेले. यंत्रं उचलली की आकडे खाली आले. तो उतार पाहून ‘जमीन शांत झाली’ म्हणणारे महाभाग आहेत.

बी-मूल्य म्हणजे मोठ्या धक्क्यांच्या मानानं छोटे किती, ते सांगणारा आकडा. त्याला एक्सेलमधली ट्रेंडलाईन ओढू नका, संचयी आकड्यांवर तर मुळीच नाही. त्यातले बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि शेवटचे दोन-तीन मोठे धक्के रेघ स्वतःकडं ओढतात. आकी या भूकंपशास्त्रज्ञाचं सूत्र वापरा :

बी = ०.४३४३ ÷ (सरासरी परिमाण − (एमसी − ०.०५))

यातला ०.०५ म्हणजे ०.१ च्या टप्प्याचा अर्धा. समजा एमसी ३.०, त्यावरचे धक्के ६०, त्यांची सरासरी ३.४२. तर ०.४३४३ ÷ ०.४७ = ०.९२. तो अर्धा टप्पा विसरलात तर १.०३ येतं. त्रुटी ढोबळमानानं बी भागिले धक्क्यांच्या संख्येचं वर्गमूळ, इथं ०.१२. म्हणजे ०.९२ आणि १.०३ मधला फरक त्रुटीच्या आतलाच आहे, आणि ‘बी-मूल्य घसरलं, मोठा भूकंप येणार’ या बातम्या अशाच फरकांवर उभ्या असतात. ५० पेक्षा कमी धक्के असतील तर मी बी-मूल्य छापणारच नाही.

कयाधूकाठ

हिशोब भारी आहे, पण आमच्याकडं लोक इचारतात ते येगळंच. एक, पांगरा शिंदे, वापटी, कुरुंदा या गावांत जमिनीतून गुडगुड आवाज येतो आणि यादीत कायीच दिसत नाही, असं कसं? दोन, बारके धक्के होऊन गेले म्हणजी मोठ्याचा जोर कमी झाला, हे खरं हाय का?

लोलक

कयाधूकाठ, दुसरं आधी, कारण ते चुकीचं असून धीर देतं. परिमाण १ नं वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचा धक्का ६.२ चा. तेवढी ऊर्जा ३.२ च्या धक्क्यांनी मोकळी करायची तर साधारण ३१,६०० धक्के लागतील. वर्षाला दोन-चार धक्क्यांनी काही जोर कमी होत नाही. उलट अर्थही काढू नका. बारके धक्के झाले म्हणून मोठा येणारच, असंही नाही. नांदेड शहरात २००७-०८ च्या सुमारास माळ लागली होती, ती विरून गेली. किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबरात लागली, तिच्यामागून वर्षभराच्या आत मोठा धक्का आला. त्या क्षणी दोन्ही सारख्याच दिसतात.

आवाजाचं : धक्का खूप उथळ असला आणि वर कठीण बेसॉल्ट असला की लहरीतला जलद कंपनांचा भाग वाटेत फारसा न जिरता वर येतो आणि हवेत आवाज म्हणून उमटतो. एक-दीडचा धक्काही गावाला ऐकू जातो, पण चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या यंत्रात तो गोंगाटाखाली बुडतो. निदान तीन, खरं तर चार-पाच केंद्रांवर दिसल्याशिवाय ठिकाण ठरत नाही आणि नोंद यादीत जात नाही. निलंगा तालुक्यातल्या हासोरीत २०२२ साली असंच चाललं होतं. गावाची वही ठेवा : तारीख, मिनिटापर्यंत वेळ, नुसता आवाज की भांडी हलली, कोणत्या वस्तीवर. पुढं तात्पुरतं यंत्र लागलं तर ही वही ताडून बघता येते.

खडी_क्रशर

यादीतल्या सुरुंगांचं काय करताय? लातूर, नांदेड, परभणी कुठंही जा, दगडखाणी आहेत. उन्हाळ्यात विहिरींचे सुरुंग वेगळे. २.५ च्या खालच्या नोंदी जशाच्या तशा घेतल्या तर तुम्ही भूकंप मोजत नाही, जिलेटिनच्या कांड्या मोजताय.

ओळखायची रीत साधी आहे. भारतीय वेळेनुसार २४ खांब काढा, तासावार. खरे भूकंप रात्रंदिवस सारखेच होतात. रात्री गोंगाट कमी असतो, म्हणून बारके धक्के रात्री थोडे जास्त पकडले जातात. तुमचा आलेख उलटा दिसला, दुपारी एक ते सहा फुगलेला आणि पहाटे रिकामा, तर सुरुंग आहेत. मग तेच ठिकाणवार करा : १० किलोमीटरच्या चौकटी, प्रत्येकीत दिवसाच्या नोंदी भागिले रात्रीच्या नोंदी. एखाद्या चौकटीत गुणोत्तर ३-४ च्या वर गेलं की उपग्रह चित्र उघडा, खाण दिसेल. मोठी खाण एकाच सेकंदाला सगळी भोकं उडवत नाही, मिलिसेकंदांच्या अंतरानं उडवते. त्यामुळं आलेखावर ती लांबलचक आणि बुटकी दिसते.

अजगरवाला

+१. यात भर, वारही बघा. रविवार आणि मोठ्या सणांना खड्डा पडत असेल तर शंकाच नको. पोळ्याला सुट्टी घेणारा भूकंप असत नाही.

बालाघाट

आता जरा लांब लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. मुख्य धक्के आणि त्यांचे सोबती वेगळे करणं.

वर्षाला किती भूकंप, हा दर काढायचा तर धक्के एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. किल्लारीचे आफ्टरशॉक तसेच ठेवले तर १९९३-९४ चा डोंगर उरतो आणि त्यापुढं प्रत्येक वर्ष ‘घट’ दाखवतं. गार्डनर-नॉपॉफची १९७४ ची खिडकी सगळ्यात सोपी. प्रत्येक धक्क्याभोवती त्याच्या परिमाणानुसार अंतराची आणि दिवसांची मर्यादा आखायची आणि आतले छोटे धक्के त्याचे सोबती म्हणायचे. ६.५ च्या आतल्यांसाठी (प म्हणजे परिमाण) :

अंतर (किमी) = १० चा घात (०.१२३८ × प + ०.९८३)
दिवस = १० चा घात (०.५४०९ × प − ०.५४७)

किल्लारीला, म्हणजे ६.२ ला, ५६ किलोमीटर आणि ६४१ दिवस येतात. ४.५ ला ३५ किलोमीटर आणि ७७ दिवस.

हे आपल्याच उदाहरणावर चालवून बघा. २१ मार्च २०२४, सकाळी ६:०८, हिंगोली, ४.५. अकरा मिनिटांनी ३.६. मग १० जुलै २०२४, सकाळी ७:१४, पुन्हा ४.५. मधे १११ दिवस. खिडकी ७७ दिवसांची, म्हणून ३.६ चा धक्का सोबती ठरतो आणि जुलैचा स्वतंत्र मुख्य भूकंप. एकाच पट्ट्यात, चार महिन्यांच्या आत, त्याच परिमाणाचे दोन ‘स्वतंत्र’ भूकंप! भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनं हे कुणालाही पटणार नाही. खिडकी मुळात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आकड्यांवर बेतलेली आहे. आपला प्रदेश स्थिर भूखंडाचा, इथं मालिका रेंगाळतात.

दुसरी खाच मागच्या बाजूची. किल्लारीच्या आधीची ऑक्टोबर १९९२ ची माळ पूर्वधक्के धरायची की नाही? १८ ऑक्टोबर १९९२ ते ३० सप्टेंबर १९९३ हे ३४७ दिवस. खिडकी मागंही पूर्ण ६४१ दिवस लावली तर ती माळ किल्लारीत जमा होते. पूर्वधक्क्यांसाठी खिडकीचा दहावा भागच घेतला, म्हणजे ६४ दिवस, तर ती वेगळी मालिका होऊन वार्षिक दरात चढते. आज्ञावलीत हा एक आकडा असतो आणि बहुतेकजण त्याला हातही लावत नाहीत.

म्हणून माझा आग्रह : एकाच पद्धतीवर थांबू नका. गार्डनर-नॉपॉफ, रिझनबर्ग आणि झालियापिनची निकटतम-शेजारी पद्धत, तिन्ही चालवा आणि तिन्हींचे दर शेजारी शेजारी छापा. निष्कर्ष पद्धतीबरोबर उलटत असेल तर तो पद्धतीचा निष्कर्ष आहे. आणि बी-मूल्यासाठी सोबत्यांसकट पूर्ण यादी वापरा, दरासाठी गाळलेली. सोबती गाळताना छोटेच जास्त गळतात आणि बी खोटंच खाली येतं.

ओव्हरसियर

आमच्या कामाचा प्रश्न विचारतो. वसमत किंवा औशाला दुमजली शाळा बांधायची, तर या आकडेमोडीतून ‘६ चा भूकंप किती वर्षांनी’ हे निघतं का?

लोलक

निघतं, पण ते उत्तर किती लवचिक आहे बघा. समजा ३ च्या वरचे वर्षाला सरासरी २ स्वतंत्र धक्के आहेत. ३ वरून ६ वर उडी मारायची, म्हणजे १० चा घात ३ × बी इतक्यानं भागायचं. बी ०.८ असेल तर ६ चा भूकंप १२५ वर्षांनी एकदा. बी १.० असेल तर ५०० वर्षांनी. १.२ असेल तर जवळजवळ २,००० वर्षांनी. आणि वर आपण पाहिलंच की ६० धक्क्यांवर बी ची एक त्रुटीच ०.१२ आहे, ९५ टक्के खात्री हवी तर तिची दुप्पट धरावी लागते. म्हणजे तुमच्या हातात ‘सव्वाशे ते दोन हजार वर्षं’ असं उत्तर येतं.

ओव्हरसियर

म्हणजे शाळेसाठी निरुपयोगी. ठीक, मग बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो : इमारतीचा हिशोब या बी-मूल्यावर करायचा नसतो, आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय बांधकाम मानकावर करायचा. १९८४ च्या नकाशात किल्लारीचा परिसर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या आवृत्तीत झोन एक हाच काढून टाकला आणि लातूर झोन तीनमध्ये आलं, क्षेत्र गुणांक (हिशोबात धरायचा झोनचा धोक्याचा आकडा) ०.१६. किल्लारीत माणसं गेली ती प्रामुख्यानं मातीच्या चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. आतली बाहेरची अशा दोन थरांची भिंत, मधे खडी-माती, दोन्ही थर बांधणारे आडवे लांब दगड नाहीत. हादरा बसला की थर सुटे होतात. जुन्या वाड्याला निदान दाराच्या माथ्याच्या (लिंटेल) आणि छताच्या पातळीवर सलग बंधपट्टा आणि भिंतीत दर मीटर-सव्वा मीटरला आरपार दगड किंवा काँक्रीटचा बंध घाला. त्याला बी-मूल्य लागत नाही.

कयाधूकाठ

आणि पावसाचं काय? किल्लारी सप्टेंबरात, हासोरी सप्टेंबर-ऑक्टोबरात. पाणी मुरलं की धक्के, असं समदेच म्हणतात.

बालाघाट

भेगांत पाण्याचा दाब वाढून धक्के बसू शकतात ही कल्पना शास्त्रीय आहे, कोयनेवर त्यावर दशकानुदशकं काम झालंय. पण दोन उदाहरणांनी हंगाम सिद्ध होत नाही. हिंगोलीचे २०२४ चे मोठे धक्के मार्च आणि जुलैत आहेत, तेही याच यादीत.

तपासायला शूस्टरची कसोटी आहे. प्रत्येक मुख्य धक्क्याच्या तारखेचा वर्षातला कोन काढा (वर्षातला दिवस × ३६० ÷ ३६५), प्रत्येकाला एक लांबीचा बाण समजा, सगळे बाण जोडा. अंतिम बाणाची लांबी आर, धक्के एन. योगायोगानं इतका लांब बाण येण्याची शक्यता = ई (२.७१८) चा घात (−आर² ÷ एन). १०० धक्के आणि आर १७ असेल तर ५.६ टक्के, म्हणजे अजून काही म्हणता येत नाही. २० असेल तर १.८ टक्के, मग बोलायला जागा आहे.

इथं सोबती गाळलेलीच यादी हवी. एकट्या किल्लारीचे आफ्टरशॉक ठेवले तर बाण ऑक्टोबरकडं असा झुकेल की शक्यता शून्यावर येईल, आणि हंगाम सिद्ध झाला म्हणून कुणीतरी शोधनिबंधही लिहील. शिवाय पावसाळ्यात वारा-पावसाचा गोंगाट वाढतो, विजेनं केंद्रं बंद पडतात. त्यामुळं एमसी महिनावारही काढून बघा. जून-सप्टेंबरात धक्के कमी ‘दिसले’ की ऑक्टोबर आपोआप उठून दिसतो.

अजगरवाला

मूळ प्रश्न राहिलाच, वाढलेत का? एमसीच्या वरचे, सोबती आणि सुरुंग गाळलेले धक्के घ्या, दोन समान काळांत वाटा. समजा पहिल्या दहा वर्षांत ४, पुढच्या दहांत ९. दुप्पटीहून जास्त, बातमी तयार! पण दर बदललाच नाही असं धरलं तर १३ पैकी ९ किंवा जास्त धक्के दुसऱ्या काळात पडायची शक्यता १०९३ भागिले ८१९२, म्हणजे १३ टक्के. साताठातून एकदा हे नुसत्या योगायोगानं घडतं. आणि काळाची सीमा आधी ठरवा. आकडे बघून २०२२ ला रेघ मारली तर कसोटीला अर्थ उरत नाही.

कयाधूकाठ

शेवटचं इचारतो. हिंगोलीच्या तिन्ही धक्क्यांची खोली १० किलोमीटरच कशी? इतकी नेमकी?

लोलक

नेमकी नाही, गृहीत धरलेली. जवळ, म्हणजे साधारण खोलीच्या दीड-दोन पट अंतराच्या आत केंद्र नसेल तर खोली सुटत नाही, मग संगणकाला १० हा आकडा देऊन बाकीचं गणित सोडवतात. जुन्या आंतरराष्ट्रीय नोंदींत ३३ दिसेल, तीही तशीच. यादीत खोलीचा रकाना गाळून बघा : ५, १०, ३३ यांचे ढीग दिसतील आणि मधे विरळ. हे ढीग आलेखातून काढा, उरलेल्यांवरच खोलीबद्दल बोला. किल्लारी परिसरात खोदलेल्या ६१७ मीटरच्या विहिरीत बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर भरली, खाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग पुरातन खडक. तेव्हा १० किलोमीटर खरे असोत की ४, ‘काळ्या दगडात भूकंप झाला’ हे वाक्य तरी निकालात निघतं. धक्के त्याच्या पार खालच्या खडकात होतात.